नावापुढची अक्षरं

माणसाच्या नावापुढे जितकी जास्त अक्षरं, तितक्या त्याच्या अडचणी जास्त, असं माझं वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून बनलेलं मत आहे. नुसत्या बी.कॉम.वर भागलं नाही म्हणून माणूस एलएल.बी. होतो, वकिली चालली नाही म्हणून जी.डी.सी. अँड ए. करतो, आणि तेही पुरेनासं झालं की व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला वळतो. प्रत्येक पदवी म्हणजे आधीच्या पदवीनं काय साधलं नाही, याचा कबुलीजबाब. माझ्या नावापुढे फक्त बी.कॉम. आहे. यावरून माझं सगळं सुरळीत चाललं आहे असं कुणी समजू नये. कबुलीजबाब द्यायचा राहून गेला, इतकंच.

हे तत्त्व दुर्बिणींनाही लागू पडतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

झालं असं, की आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, एका रविवारी आपली दुर्बीण घेऊन घरी आले आणि ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जावईबापू, ही आता तुम्हाला. म्हातारी झाली बिचारी. काचा पिवळ्या पडल्या, आत धुकं धरलंय. समोरच्या पिंपळावरचा तांबटसुद्धा धड दिसत नाही."

तांबट तुम्ही पाहिला नसेल तरी ऐकला असेलच. भर दुपारी कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखा 'टुक् टुक्' असा आवाज येतो, तो यांचा. चिमणीएवढा हिरवा पक्षी, पिंपळाच्या हिरव्या पानांत हिरवाच दिसणार. पण कपाळावर लालभडक टिळा. तो टिळा सापडला की पक्षी सापडला. नानांचं अर्धं आयुष्य हा टिळा शोधण्यात गेलं, आणि उरलेलं अर्धं तो इतरांना दाखवण्यात.

दुर्बीण होती 'कार्ल झाइस येना'ची, डेल्ट्रिन्टेम, ८×३०. नानांनी ती १९७८ साली मुंबईत घेतली. तेव्हा पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चालायचा, त्यामुळे तिकडचा माल इकडे दिसायचा. तरी दुर्बिणीला दोन पगार गेले, आणि सासूबाईंनी त्यानंतर दोन महिने स्वयंपाकात काय काय कमी केलं ते त्या अजून सांगतात. घरात तिचा मान देव्हाऱ्यातल्या चांदीच्या गणपतीच्या खालोखाल. हिला लहानपणी हात धुतल्याशिवाय तिला हात लावता यायचा नाही. अशी वस्तू नाना मला देत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुम्ही आता नवीन घ्या," नाना म्हणाले. "उत्तमातली घ्या. अर्धे पैसे मी घालतो. एफ.डी. मॅच्युअर होतेय. मला एकदा नव्या दुर्बिणीतून तो टिळा बघायचाय."

नव्या उत्तमातल्या दुर्बिणीची किंमत मी विचारली तेव्हा मला वाटलं, चुकून दुकानातल्या सगळ्या दुर्बिणींची सांगितली. तेवढ्यात एक चांगली मोटारसायकल येते, आणि मोटारसायकलवर बसून पक्ष्याच्या जवळही जाता येतं. दुसरा रस्ता होता तो जुन्यातली उत्तम घेण्याचा. फोर्टातल्या एका दुकानात एक पश्चिम जर्मन दुर्बीण आहे असं कळलं. तिचं नाव मी कागदावर उतरवून घेतलं : झाइस डायलिट १०×४० बीजीए टी-स्टार पी-स्टार. ते नाव वाचलं आणि मला एकदम ते व्हिजिटिंग कार्डच आठवलं. इतकी अक्षरं? म्हणजे आधी काहीतरी भानगड झालेली असणार.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. कुठलंही खातं तपासायचं तर आरंभीच्या शिल्लकेपासून. म्हणून मी थेट १६०८ सालापर्यंत गेलो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हॉलंडमधल्या मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरहे नावाच्या चष्मेवाल्यानं सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दूरचं जवळ दिसतं, हा चमत्कार पाहून सरकारी माणसांनी काय म्हणावं? "छान आहे, पण एक डोळा मिटावा लागतो. दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून आणा." सरकारी कचेरी कुठल्याही देशातली असो, तिचा पहिला शेरा ठरलेला! लिपरहेनं बिचाऱ्यानं डिसेंबरात दोन डोळ्यांची दुर्बीण हजर केली. म्हणजे दुर्बीण जन्माला येऊन तीन महिने होतात न होतात, तोच तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि पहिली जुनी झाली. त्याला हप्त्याहप्त्यानं ९०० गिल्डर मिळाले. पेटंट मात्र मिळालं नाही, कारण ही युक्ती आणखीही काहीजणांना ठाऊक असल्याचं सरकारच्या लक्षात आलं.

त्यानंतरची जवळजवळ अडीचशे वर्षं मी एका वाक्यात संपवतो, कारण दोन डोळ्यांच्या दुर्बिणीनं ती नाटकगृहात काढली. नाटकातल्या नट्या बघायला दोन-तीन पट पुरते. त्याहून जास्त पट करायला जावं तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसे; आणि तारे बघण्याच्या मोठ्या दुर्बिणीची तऱ्हा वापरावी तर सगळं उलटं दिसे. ताऱ्याला खालवर नसतं, नटीला असतं.

हे उलटं सुलट केलं इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं. १८५४ साली त्यानं दोन लोलक एकमेकांना काटकोनात ठेवले आणि प्रकाशाला चार वळणं घ्यायला लावली. उलटं चित्र सरळ झालं, शिवाय लांबलचक नळी आखूड झाली. कल्पना उत्तम, पण काच वाईट. त्या काळच्या काचेतून प्रकाश इतका प्रवास करून बाहेर येईपर्यंत थकून जाई. त्यामुळे पोरोची कल्पना फाइलला लागली. पुढे जर्मनीतल्या येना गावच्या एर्न्स्ट आबे या प्राध्यापकाला तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, त्यानं १८७३ मध्ये नमुनाही केला, आणि वीस वर्षांनी पेटंट घ्यायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की साहेब, हे एकानं आधीच करून ठेवलं आहे. मधल्या काळात ओटो शॉट यानं येनातच उत्तम काचेचा कारखाना काढला होता, म्हणून आबेची दुर्बीण निदान चालणारी तरी झाली. पुढच्या दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त ठेवायचं, म्हणजे खोली चांगली कळते, एवढ्या एका मुद्द्यावर त्याला पेटंट मिळालं आणि १८९४ पासून झाइसच्या लोलकवाल्या दुर्बिणी बाजारात आल्या. १९०८ मध्ये पेटंट संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून जगातल्या सगळ्यांना खोली चांगली कळू लागली.

या आबेबद्दल मला विशेष आदर आहे, आणि तो काचेमुळे नाही. त्याचे वडील सूतगिरणीत दिवसाचे चौदा ते सोळा तास राबत. मुलगा झाइस कंपनीचा मालक झाला तेव्हा त्यानं आपला हिस्सा एका फाउंडेशनच्या नावे करून टाकला, कामगारांना पगारी रजा आणि पेन्शन दिलं, आणि १९०० साली आठ तासांचा दिवस सुरू केला. हे मी आमच्या शाखेत मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. मॅनेजरसाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

मग पहिलं महायुद्ध. इंग्लंडच्या एकदम लक्षात आलं, की शत्रूला बघायच्या चांगल्या दुर्बिणी शत्रूकडेच आहेत. १९१५ साली इंग्रजांनी स्वित्झर्लंडमार्फत जर्मनीकडेच दुर्बिणी मागण्याच्या वाटाघाटी केल्या, याची ब्रिटिशांच्या सरकारी इतिहासात नोंद आहे. बदल्यात जर्मनांना हवं होतं रबर. जर्मनांचं सौजन्य असं, की नमुना बघायचा असेल तर आमच्या पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणी बघा, असंही त्यांनी सुचवलं. आमच्या बँकेत दोन शाखांमध्येसुद्धा इतका समजूतदार व्यवहार होत नाही.

नानांच्या डेल्ट्रिन्टेमचा जन्म १९२० चा. म्हणजे मॉडेलचा, नानांची प्रत पुढची. तिच्यात हाइनरिख एर्फ्लेच्या पद्धतीची रुंद नेत्रिका बसवली आणि हजार मीटरवर दीडशे मीटर रुंदीचा देखावा एका नजरेत मावू लागला. हा दीडशेचा आकडा लक्षात ठेवा. व्हाउचर पुढे लागणार आहे.

आता अक्षरांकडे येऊ. पहिलं अक्षर टी.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत हवा आणि काच यांची अशी भेट दहा-बारा ठिकाणी होते. म्हणजे हा शुद्ध टी.डी.एस. आहे, आणि तोही दर टेबलावर वेगळा. रिटन डाउन व्हॅल्यू पद्धतीनं मी हिशेब केला : शंभर रुपयांचा प्रकाश आत भरला, दर टेबलावर पाच टक्के कापले, तर दहाव्या टेबलानंतर हाती साठच रुपये. १९३५ साली झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यानं काचेवर अत्यंत पातळ लेप देऊन ही कपात खूपच कमी केली. हा लेप म्हणजे टी. पण तो आधी लष्कराकडे गेला आणि गुपित म्हणून राहिला. युद्धकाळातल्या दुर्बिणींवर तर कारखान्याचं नावही नसे. 'बीएलसी' अशी तीन अक्षरं म्हणजे झाइस येना, हे ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. साध्या पक्षिनिरीक्षकाला लेपाचा लाभ व्हायला युद्ध संपावं लागलं. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एकावर एक अनेक थरांचा लेप आला आणि टीच्या डोक्यावर चांदणी आली. जुनी दुर्बीण घेताना मी सांगेन, की बाकी काही कळलं नाही तरी हे बघा. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरा. ट्यूबचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही, निळसर-जांभळट दिसलं तर आहे. ही प्रगती खरी आहे. हिच्यापुढे मी हात जोडतो.

१९४५ मध्ये मात्र खुद्द कंपनीचीच दोन भिंगं झाली. येनात आधी अमेरिकन पोचले. शहर रशियनांच्या ताब्यात द्यायचं ठरलं तेव्हा जाताना त्यांनी झाइसची ऐंशीच्या वर डोकी, म्हणजे शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक, गाड्यांत घालून पश्चिमेकडे नेली. मागून आलेल्या रशियनांनी बहुतेक यंत्रं उचलून पूर्वेकडे नेली. डोकी एकीकडे, यंत्रं दुसरीकडे आणि येनात उरले ते कामगार आणि भिंती. तरीही त्यांनी पुन्हा कारखाना उभा केला, आणि पश्चिमेत नेलेल्या डोक्यांनी ओबरकोखन गावी दुसरा झाइस काढला. मग 'खरा झाइस कोण?' यावर दोघांत जगभर कोर्टकचेऱ्या. आपल्याकडे हे पेढेवाल्यांत आणि चिवडेवाल्यांत चालतं, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. १९७१ मध्ये लंडनला तडजोड झाली. कुठल्या देशात कुणी कुठलं नाव लावायचं हे ठरलं. त्यामुळे पूर्वेचा माल काही ठिकाणी नुसता 'येना' म्हणून विके आणि पश्चिमेचा माल पूर्वेत 'ऑप्टॉन' म्हणून. जर्मनी एक झाल्यावर १९९१ मध्ये दोघं भाऊ पुन्हा एकत्र आले. नानांची दुर्बीण घराच्या या वाटण्यांच्या काळातली. नाना तिला 'खरी झाइस' म्हणतात, आणि आमच्या घरात त्यावर कोर्टात जायची कुणाची हिंमत नाही.

दुसरं अक्षर बी. हे माझं स्वतःचं अक्षर आहे. बी म्हणजे ब्रिल, जर्मनमध्ये चष्मा. जुन्या दुर्बिणीत पूर्ण देखावा दिसायला डोळा नेत्रिकेला जवळजवळ चिकटवावा लागतो. चष्मा मध्ये आला की दीडशे मीटरच्या देखाव्याचं फाटक होतं. ओबरकोखनवाल्यांनी १९५८ मध्ये ८×३० बी काढली, चष्मा न काढता बघता येईल अशी. "मग चष्मा काढून बघा की," असं ही मला म्हणाली. बघितलं. नुसता दूरचा नंबर असता तर फोकसचं चाक फिरवून भागलं असतं. पण मला सिलिंड्रिकल नंबर आहे, आणि तो चाकाला दाद देत नाही. तेव्हा कागदावरचे दीडशे मीटर हे चष्मा नसलेल्यांचे दीडशे मीटर. आमच्यासारख्यांचे किती, ते कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं. (जीए म्हणजे रबराचं आवरण. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हातातून पडली तर बरं असतं.)

तिसरं अक्षर पी. इथे मात्र मी खुर्चीत सरळ बसलो.

पोरोच्या लोलकांमुळे दुर्बीण खांद्यात रुंद होते, नानांच्या दुर्बिणीसारखी. तिला सडपातळ करायला वेट्झलार गावच्या हेन्सोल्ट कारखान्यानं १९०५ मध्ये दुसरा लोलक वापरला. त्याला घराच्या छपरासारख्या दोन उतरत्या बाजू असतात, म्हणून रूफ प्रिझम. नळ्या सरळ झाल्या, दुर्बीण सुटसुटीत दिसू लागली. १९६३ मध्ये लाइट्झनं आपली ट्रिनोव्हिड याच कुळातली काढली आणि मग उंची दुर्बीण म्हणजे सरळ नळ्यांची, अशी फॅशनच झाली. पोरोवाल्या जाड्या दुर्बिणी एकदम जुन्या वळणाच्या, सासऱ्यांच्या, ठरल्या.

आता गंमत बघा. छपराच्या दोन बाजूंवर प्रकाशाचे दोन वाटे होतात आणि पुढे ते पुन्हा एकत्र येतात. पण परत येताना त्यांच्या लाटांचं पाऊल एकमेकांशी जुळत नाही. एकच लेजर दोन कारकुनांनी अर्धं अर्धं उतरवावं आणि बेरजेला बसावं, तसं होतं. आकडे सगळे आहेत, ताळा लागत नाही. परिणाम असा, की बारीक रेघा पुसट होतात. १९८८ मध्ये झाइसनं छपराला एक खास लेप देऊन हे पाऊल जुळवलं आणि नावापुढे पी लावला.

म्हणजे १९०५ ते १९८८ अशी त्र्याऐंशी वर्षं सडपातळ दुर्बिणी हा दोष पोटात घेऊन विकल्या जात होत्या, आणि जाड्या पोरोला तो दोष मुळात कधी नव्हताच! दोषाची जाहिरात कधी झाली? औषध बाजारात आलं त्या दिवशी. तोपर्यंत गिऱ्हाइकाला दोष दिसत नव्हता आणि दुकानदाराला दिसून उपयोग नव्हता.

हे सगळं वाचून मी फोर्टातल्या त्या दुकानात गेलो. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या दोन डायलिट काउंटरवर आल्या. मालक म्हणाले, "दोन्ही सेम टु सेम, साहेब. दुसरी पाच हजारांनी स्वस्त लावतो." मी आयुष्यभर चेकवरची सही, तारीख आणि खाडाखोड बघत आलेला माणूस. मी अक्षरं बघितली. स्वस्त होती तिच्यावर बीजीए होतं, टी-स्टार होतं. पी नव्हता. चेकवर इनिशियल राहावं तसा. मी खिशातली शंभराची नोट काढली, समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि पंधरा पावलांवरून दोन्हींतून आळीपाळीनं बघितली. नोटेवरच्या बारीक रेघा पीवालीत सुट्या सुट्या, दुसरीत किंचित धुतल्यासारख्या. फरक उन्नीस-वीसचा. झाडावरच्या पक्ष्यात तो मला कळला असता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण एकदा कळला की मिटत नाही. मालक माझ्याकडे, आणि मग नोटेकडे, काळजीनं बघू लागले. त्यांना वाटलं असावं नोट खोटी आहे.

तरीही मी घेतली नाही, कारण नव्याचा मोह. नव्यांत ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीचं नाव फार. हिला ते नाव ठाऊक होतं, पण कानातल्यांमुळे. एक जोडी कानातली आली असती, या विचारानं ती दोन दिवस किमतीला इतकी अनुकूल झाली, की खुलासा करणं माझ्या जिवावर आलं. घराणं तेच. वडिलांचा क्रिस्टलचा कारखाना, मुलगा विल्हेल्म दुर्बिणींच्या नादी लागला आणि १९४९ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. त्यांनी १९९९ मध्ये 'ईएल' काढली, दोन नळ्यांच्या मध्ये बोटं जातील अशी उघडी. तिचं ८.५×४२ हे मॉडेल हजार मीटरवर १३३ मीटर दाखवी. २०१४ मध्ये झाइसची 'एसएफ' आली, ८×४२ मध्ये १४८ मीटर. २०२० मध्ये स्वारोव्स्कीची 'एनएल प्युअर', १५९ मीटर. पत्रकं अशी, की मानवजातीनं पहिल्यांदाच रुंद बघितलं. मी माझं व्हाउचर काढलं : डेल्ट्रिन्टेम, १९२०, दीडशे मीटर. शंभर वर्षांत मिळकत नऊ मीटर!

हा हिशेब मी मोठ्या ऐटीत निवृत्त झालेल्या आमच्या एका ऑफिसरना ऐकवला. त्यांच्याकडे नवी ऑस्ट्रियन आहे. त्यांनी काही न बोलता ती माझ्या डोळ्याला लावली. चष्म्यासकट. आणि मला काठापासून काठापर्यंत, सगळाच्या सगळा, कोपरासुद्धा न हरवता, समोरच्या सोसायटीचा पाण्याचा टाका दिसला. टाक्यावर कावळा होता. त्याच्या पिसांत निळं होतं. मी सेहेचाळीस वर्षं कावळा बघतो आहे, मला ते निळं ठाऊक नव्हतं. डेल्ट्रिन्टेमच्या दीडशेपैकी कडेचे बरेचसे मीटर पुसट असतात आणि यांचे कडेपर्यंत स्वच्छ, हे पत्रकात आकड्यानं येत नाही. ऐट तिथेच उतरली.

तरी एक हिशेब मी सोडला नाही. कडा अशा सपाट आणि नेटक्या केल्या, की दुर्बीण आडवी फिरवताना काहींना देखावा गोळ्यावरून घरंगळल्यासारखा वाटतो आणि गरगरतं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस झाइसवाल्यांनी याच गरगरण्यावर उपाय म्हणून कडेला मुद्दाम थोडी वक्रता ठेवायला सुरुवात केली होती. साठ वर्षांनी ती वक्रता काढून टाकणं ही सुधारणा ठरली, आणि जुनी तक्रार नव्यानं आली. दुसरं असं, की याच स्वारोव्स्कीची 'हॅबिख्ट' नावाची जाडी, पोरो लोलकांची जुन्या घाटाची दुर्बीण एकविसाव्या शतकातही विकली गेली. कारखान्याच्याच पत्रकात तिच्या ७×४२ मॉडेलमधून ९६ टक्के प्रकाश पार होतो आणि अतिआधुनिक एनएल प्युअरमधून ९१. कारण सरळ आहे. तिच्यात भिंगं कमी, म्हणजे टेबलं कमी, म्हणजे कपात कमी. ती सुधारित आवृत्ती निघते, पण अडचण अशी, की चष्म्यासाठी तिला बी नाही.

इतका अभ्यास झाल्यावर मी नानांना घेऊन त्या ऑफिसरांच्या गच्चीवर गेलो. पैसे त्यांचे अर्धे, तेव्हा बघण्याचा हक्क पूर्ण. खाली उंबर होता आणि त्यावर तांबट ठोकत होता. मी दुर्बीण नीट लावून दिली. नाना बराच वेळ बघत राहिले. मग खाली ठेवून म्हणाले, "छान आहे हो. हलकी आहे."

"टिळा दिसला?"

"पक्षी दिसला. पण धुकं आहे की हो हिच्यातही. पिवळटच दिसतंय. नव्यांचंही तेच म्हणायचं."

ऑफिसरांनी माझ्याकडे बघितलं. मी दुर्बीण घेतली. टिळा कुंकवासारखा लाल होता. डोळ्याभोवतीचं पिवळं होतं, गळ्याखालचा लाल पट्टा होता. धुकं नव्हतं.

मला तेव्हा एकदम आठवलं, की महिन्याभरापूर्वी मी नानांची डेल्ट्रिन्टेम कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली होती. त्यानं ती खोलून, उजेडाला धरून सांगितलं होतं, "काच एकदम साफ आहे. फोकसचं ग्रीस सुकलंय, तेवढं बदलतो." या माणसाला काही कळत नाही, असं मी मनात म्हटलं होतं. चष्म्यातून फाटकाएवढंच दिसणाऱ्या मी, त्याच्याबद्दल.

नाना डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार होईनात. "माझे डोळे उत्तम आहेत, दुर्बीण बघा," हे त्यांचं चार दिवसांचं म्हणणं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. उजवा जास्त, म्हणून उजव्याचं ऑपरेशन आधी. नानांची एफ.डी. तिकडे गेली, आणि दुर्बिणीच्या खरेदीचं खातं मी पेन्सिलनं बंद करून ठेवलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी सकाळी नानांनी मला फोन केला. "माझी दुर्बीण घेऊन या." मी गेलो. ते पिंपळासमोरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. दुर्बीण घेतली, चाक फिरवलं, ग्रीस बदललेलं त्यांच्या लक्षात आलं, तेवढ्यासाठी माझ्याकडे एकदा बघितलं. मग गप्प. थोड्या वेळानं त्यांनी उजवा डोळा मिटला, मग डावा, मग पुन्हा उजवा. असं पाच-सात वेळा. मला काळजी वाटली.

"काय झालं नाना?"

"जावईबापू, उजव्या नळीत टिळा लाल आहे. डाव्या नळीत चहा सांडल्यासारखा आहे. ही डावी नळी जुनी आहे हो अजून."

सासूबाई आतून म्हणाल्या, "दिवाळीनंतर करू म्हटलंय ना डावीचं."

तोवर दुर्बीण नानांकडेच राहील असं ठरलं. दोन्ही नळ्या झाल्या की तुम्हाला परत देतो, असं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं. दिवाळी झाली, डावा डोळाही झाला. परवा गेलो तेव्हा मी सहज विषय काढला. नाना म्हणाले, "तुम्हाला चष्मा आहे हो. तुम्ही ती बीवाली बघा कुठली तरी." आणि दुर्बीण डोळ्याला लावली.